मधल्या लेव्हल्स

२०२४च्या जानेवारीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' हा व्हिडिओ गेम आला आणि लगोलग मस्कतहून दादाचा मेसेज आला, "नवो प्रिन्स पळयलो गो?" दादा म्हणजे माझा आतेभाऊ, मूळ गोव्यातल्या डिचोलीचा. आमच्याकडे बोलणं कोकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत आणि भांडणं दोन्हींत. मी "पळयता" म्हटलं आणि पुढे कितीतरी दिवस काहीच पाहिलं नाही. तो मात्र फोन केला की विचारायचाच. शेवटी मी टाळतेय कशाला, हे मलाच शोधून काढावं लागलं.

पैशांचा प्रश्न नव्हता. या मालिकेतले जुने भाग सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतात. वेळेचा थोडा होता, पण सीरियल बघायला मिळतो तसा तोही मिळाला असता. भीती वेगळीच होती. नवीन गेम टुकार निघाला तर पैसे गेले, विषय संपला. पण ज्याच्यावर लहानपणी जीव टाकला तोच टुकार निघाला तर? माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्यांची आठवण म्हणजे निम्मा प्रिन्सच आहे. ती मला तशीच ठेवायची होती.

आमचा प्रिन्स सायबरएजच्या संगणकावर होता. पर्रीकर सरकारच्या त्या योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक मिळत. तसा दादाला मिळाला. आत्याने तो देवघराशेजारच्या खोलीत मांडला आणि त्याला जाड कापडाचं आवरण शिवलं. तेव्हा खाणी जोरात होत्या. खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे आणि तांबडी धूळ बसली नाही अशी वस्तू डिचोलीत नव्हती. कीबोर्ड उलटा करून थोपटला की त्यातूनही माती पडायची. दादाच्या कुठल्याशा वर्गमित्राने फ्लॉपीवरून प्रिन्स टाकून दिला. गेम तोवर म्हातारा झाला होता: १९८९ साली ॲपल टू संगणकावर आलेला, पुढच्या वर्षी डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसींवर. आम्हाला त्याचं काय! काळ्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस खऱ्या माणसासारखा धावत होता, एवढं पुरे होतं.

कीबोर्ड एक आणि आम्ही तिघं. बाणांची बटणं दादाकडे. शिफ्ट ताईकडे, म्हणजे दादाच्या बहिणीकडे. शिफ्ट धरून ठेवला की प्रिन्स कड्याला लोंबकळतो, सोडला की पडतो, त्यामुळे तिच्यावर जबाबदारी मोठी होती आणि शिव्याही तिलाच जास्त मिळायच्या. माझ्याकडे स्पेसबार. तो दाबला की किती मिनिटं उरली ते खाली दिसतं. राजकन्येला वाचवायला साठ मिनिटं असतात, तीही घड्याळातली खरी साठ. कितीही वेळा मरा, गेम हाकलत नाही, लेव्हल पुन्हा सुरू होते; घड्याळ मात्र मागे येत नाही. मी उगाचच दर अर्ध्या मिनिटाला स्पेसबार दाबायची आणि दादा खेकसायचा.

आता मी कुंडईला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. आमच्या कामात आठवणीला किंमत नसते. नोंद असेल तरच गोष्ट घडली. तेव्हा मी कामाचीच रीत इथे लावली. काहीही डाउनलोड करण्याआधी, कुठलाही व्हिडिओ बघण्याआधी, या मालिकेतलं मला जे जे आठवतं ते एका वहीत लिहून काढायचं. मग गेम सुरू करून ताडून बघायचं. आठवण आणि गेम यांत फार तफावत निघाली तर तिथेच थांबायचं आणि दादाला नाही म्हणून सांगायचं.

पहिल्या लेव्हलबद्दल मी पानभर लिहिलं. हलणाऱ्या फरशा, डावीकडे खाली पडलेली तलवार, ती न घेता शिपायासमोर गेलं तर एका फटक्यात मरण. दुसरीबद्दल थोडं कमी. तिसरीतला हाडांचा सापळा, जो मारून मरत नाही, त्याला ढकलत नेऊन खाली पाडावं लागतं. चौथीबद्दल एकच ओळ: 'दारापुढे आरसा येतो, पुढे जाता येत नाही, गेम खराब होता बहुतेक.' आणि त्याखाली थेट शेवटचा खलनायक जाफर, त्याच्याशी तलवारबाजी, राजकन्येची मिठी.

लेव्हल्स बारा आहेत. चौथी ते जाफर या मधल्या जागेत माझ्या वहीत काहीच नव्हतं.

मग आठवलं. डॉसच्या काळ्या पडद्यावर दादा नुसतं 'प्रिन्स' टाइप करायचा नाही. 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचा. त्याने चोरवाटा उघडायच्या आणि शिफ्टबरोबर एल दाबला की पुढची लेव्हल. हा मंत्र त्या काळात ज्याच्या त्याच्या शाळेत कुणा ना कुणाला ठाऊक असायचा. आरशापाशी अडलो की आम्ही एल, एल, एल करत शेवटाला पोचायचो, जाफरला मारायचो आणि जिंकलो म्हणून आत्याकडे कोकम सरबत मागायचो.

'सँड्स ऑफ टाइम' या पुढच्या एका भागाचं पान तर याहून गमतीचं. तो २००३ चा. त्याची सीडी आणली तेव्हा सायबरएजचा संगणक त्याच्यापुढे अगदीच अशक्त ठरला. गेमला पिक्सेल शेडर ही ग्राफिक्स कार्डातली सोय हवी होती आणि आमच्याकडे मदरबोर्डवरचंच ग्राफिक्स. थ्रीडी ॲनालाइझ नावाचा एक प्रोग्रॅम तेव्हा पोरांच्यात फिरत होता. कार्डात जे नाही ते आहे असं तो गेमला भासवायचा. गेमला भासलं, पण चित्र असं अडखळत हलायचं की प्रिन्सने पाय उचलल्यापासून टेकेपर्यंत कुणीतरी पाणी पिऊन यावं. आम्ही सुरुवातीचा महालावरचा हल्ला पाहिला, थोडं धडपडलो आणि सोडून दिलं. 'वॉरियर विदिन' मी फोंड्याच्या एका सायबर कॅफेत शेजारच्या मुलाच्या खांद्यावरून पाहिलेला. पुढचे सगळे नुसते मासिकांत.

म्हणजे जी मालिका माझ्या बालपणाचा जीव की प्राण वगैरे होती, ती मी खेळलेलेच नव्हते. तीन लेव्हल्स आणि एक शेवट. भीती तिथेच अर्धी गेली. बिघडायला माझ्याकडे होतंच किती?

ऑगस्टमध्ये, पाऊस आणि लाईट जाणं दोन्ही भरात असताना, मी जुना प्रिन्स लॅपटॉपवर घेतला. ब्राउझरमध्ये चालणारी डॉसची आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर आहे, पण माझा भर एसडीएलपॉपवर होता. डॉसचा गेम उलगडून तो आजच्या संगणकांवर चालेल असा पुन्हा बांधलाय, फुकट मिळतो आणि वागतो हुबेहूब जुन्यासारखा. मेगाहिट नाही, एल नाही, असं ठरवून बसले.

पहिला तास वाईट गेला. शिफ्ट, बाण आणि स्पेसबार आता तिन्ही माझ्याकडे होते आणि माझी बोटं फक्त स्पेसबारलाच सरावलेली होती. हा गेम आजच्या गेमसारखा ऐकत नाही. बटण दाबलं की प्रिन्स ते पाऊल पूर्ण करणार, मग पुढचं ऐकणार. धावता धावता थांबवला तरी तो एक पाऊल घसरून थांबतो. म्हणून उडी कड्यावर पोचल्यावर मागायची नसते, एक पाऊल आधी मागायची असते. आज असं कुणी बनवलं तर लोक नावं ठेवतील. मला ते हळूहळू आवडायला लागलं. त्या माणसाला वजन आहे.

वजन आहे, कारण तो खरा माणूस आहे. गेमचा कर्ता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून प्रिन्सच्या हालचाली बनवल्या. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातलं द्वंद्व असंच गिरवलं. संगीत वडिलांनी दिलं. पुढे मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉपी हरवल्या आणि २०१२ मध्ये त्या वडिलांनाच घरातल्या एका खोक्यात सापडल्या. सगळा घरगुती कारभार! हे वाचलं त्या रात्री प्रिन्स घसरून थांबताना मला त्याच्यात कुणाचा तरी भाऊ दिसायला लागला आणि मी त्याला जरा जपून चालवू लागले. जपून म्हणजे शिफ्ट धरून, पाऊल मोजून. ताईचं काम किती अवघड होतं हे इतक्या वर्षांनी कळलं.

आणि मग चौथी लेव्हल. बाहेरचं दार उघडलं, परत फिरले, वाटेत आरसा. आमच्या खराब गेमचा तो आरसा. तो खराब नव्हता. त्याच्यावर धावत येऊन उडी मारायची असते. मी मारली. आरसा पार केला आणि त्याच क्षणी पलीकडच्या बाजूने प्रिन्ससारखाच एक काळसर माणूस बाहेर पडून उलट दिशेने पळून गेला. खाली पाहिलं तर माझी सगळी ताकद जाऊन तिचा एकच त्रिकोण उरलेला. आरशातून जाताना आपलाच एक हिस्सा सुटून गेला होता.

मी त्या रात्री पुढे खेळले नाही. लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, इतकं ते अंगावर आलं. माझ्या डोक्यातला 'आवडता गेम' म्हणजे खड्डे, सुळे आणि घड्याळ होतं. त्यात एवढी मोठी कल्पना लपलेली होती आणि आम्ही तिच्या दारातून एल दाबून पुढे गेलो होतो!

नंतर तो सावलीवाला भेटत राहतो. पाचव्या लेव्हलमध्ये आपल्यासाठी ठेवलेलं ताकदीचं औषध तोच आधी येऊन पिऊन टाकतो. सहावीत ऐन उडीच्या वेळी दार लावून घेतो आणि आपण खाली. या लेव्हल्सचं सगळं वर्णन करत नाही. त्यातल्या दोन-तीन नुसत्या त्रासदायक आहेत, चक्रव्यूहासारख्या, आणि घड्याळ फुकट खातात. आज काढलेला गेम असता तर मी त्या गाळायला सांगितल्या असत्या. पण आठवीबद्दल सांगायलाच हवं. तिथे एका ठिकाणी आपण दारामागे अडकतो. बटण पलीकडे, हात पोचत नाही, दुसरी वाट नाही. मी भिंती धुंडाळल्या, फरशा हलवल्या. शेवटी कंटाळून नुसती बसले. तेवढ्यात एक पांढरा उंदीर तुरुतुरु आला, बटणावर चढला, दार उघडलं. राजकन्येने पाठवलेला उंदीर. साठ मिनिटांच्या शर्यतीत, जिथे प्रत्येक सेकंद आपला जीव घेतो, तिथे मेकनरने अशी जागा बनवली की जिथे काहीच न करणं एवढंच करायचं असतं. आम्ही तिघं तिथवर पोचलो असतो तरी तो उंदीर आम्हाला दिसला नसता. दादाने बसू दिलंच नसतं.

बाराव्या लेव्हलमध्ये सावलीशी गाठ पडते. ती तलवार काढते, आपणही काढतो. तिला मारलं की आपलीच ताकद कमी होते. इथे मात्र मला लगेच समजलं, आरसा पाहिला होता ना! तलवार म्यान केली आणि तिच्या अंगावर चालत गेले. दोघं एक झाले. त्यापुढे जिथे खोल दरी आहे तिथे पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटते. मेगाहिट टाकून जाफरला मारणाऱ्याला हे काहीही दिसत नाही. त्याला फक्त जाफर मिळतो आणि जाफर खरं तर साधाच आहे.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याचा आरशावर विश्वास बसेना. "खंयचो आरसो गो? गेम खराब आशिल्लो तो." मग मी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवला. बराच वेळ निळी खूण होऊनही उत्तर आलं नाही. मग आलं ते असं की एवढा वेळ तुला मिळतो कुठून, आणि लॉस्ट क्राउन कधी घेतेस. ताईने मडगावहून लिहिलं की तिला फक्त शिफ्टवर दुखलेली करंगळी आठवते आणि परत खेळण्याची तिला बिलकुल हौस नाही. तिचा निर्णय एका ओळीत झाला. हेवा वाटला.

जुन्याचा निकाल लागला. आता मालिकेतल्या बाकीच्यांचा. 'वॉरियर विदिन' नाही. २००४ च्या त्या भागात प्रिन्स रागीट, रक्त भरपूर, गिटार कर्कश, आणि बायकांचे चिलखत पाहून हसावं की रडावं कळत नाही. मेकनरनेही त्यातला हिंसाचार आणि एकूण रूप आपल्याला रुचलं नसल्याचं उघड सांगितलंय. कॅफेत खांद्यावरून जेवढा पाहिला तेवढा मला पुरला. २००८ चा प्रिन्स चित्रासारखा सुंदर आहे, त्यात पडलं की सोबतची एलिका दर वेळी हात देऊन वर काढते, त्यामुळे मरणच नाही. डिचोलीच्या शाळेत तयार झालेल्या मला मरणाशिवाय प्रिन्स कसा रुचणार, पण तो पुढेमागे बघेन.

'सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीवर मात्र मी बराच काळ डोळा ठेवून होते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिचा ट्रेलर आला तेव्हा कळलं की ती युबिसॉफ्ट या गेम काढणाऱ्या कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत बनतेय. आपला प्रिन्स पुण्यात! ट्रेलरच्या चित्रांवर जगभरातून टवाळी झाली, तारीख पुढे गेली, पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला, जिथे मूळ भाग बनला होता तिथे, हलवलं गेलं. ट्रेलर फिका होता हे खरंच. पण त्या टवाळीत 'भारतात बनवलंय ना, मग असंच असणार' हा सूर होता, तो मला झोंबला. असो. नव्याची वाट न बघता जुनाच घ्यायचा असं ठरवलं आणि घेतला. ज्या गेमसमोर आमच्या संगणकाने मान टाकली होती, तो आता माझ्या साध्या लॅपटॉपवर पंखासुद्धा न वाढवता चालतो.

तो हल्ला पुन्हा पाहिला. लहानपणी आम्हाला फक्त आग आणि तलवारी दिसल्या होत्या. आता दिसलं की तो महाल भारताच्या महाराजाचा आहे. प्रिन्स आणि त्याचा बाप सैन्य घेऊन तो लुटायला आलेत, आणि ज्या फराहबरोबर आपण पुढचा सगळा गेम चालतो ती त्याच महाराजाची मुलगी, लुटीतली बंदी. नायक लुटारूंच्या बाजूचा! तिचं त्याच्यावर सतत संशय घेणं, तिरकस बोलणं, हे आता मला पूर्ण पटतं. आणि तो सगळी गोष्ट सांगतोय, आपण खेळतोय ते त्याचं सांगणं आहे. म्हणून आपण दरीत पडून मेलो की तो म्हणतो, छे, असं नव्हतं झालं, आणि पुन्हा सुरू करतो. खंजिराने काळ मागे घेता येतो, तेव्हा पडलेली उडी परत उचलता येते. पहिल्या प्रिन्सच्या क्रूर घड्याळानंतर हे फार दयाळू वाटतं. भिंतीवरून धावण्याची मजा अजून ताजी आहे. लढाया मात्र कंटाळवाण्या: वाळूचे राक्षस एक पाडला की दोन उगवतात आणि किती वेळ तेच. अशा वेळी मी लॅपटॉप ठेवून भांडी घासते आणि मग परत येते.

हा मी पूर्ण करणार, हे ठरलंय. 'लॉस्ट क्राउन'चं अजून नाही. दादा म्हणतो त्यात नायक प्रिन्स नसून सार्गोन नावाचा योद्धा आहे, इराणी पुराणकथांतला काफ पर्वत आणि सीमुर्ग पक्षी आहे, संवाद फारसीतही ऐकता येतात, आणि नकाशा एवढा मोठा की अडलेल्या जागेचं चित्र काढून नकाशावर टाचून ठेवायची सोय दिलीय. शेवटचं ऐकून मला ती सोय बनवणाऱ्याला भेटावंसं वाटलं. पण मोठा नकाशा म्हणजे महिने जाणार, आणि माझा जीव अजून त्या छोट्या, एका तासाच्या किल्ल्यात आहे. तिथे अजून दोनदा-तीनदा जाऊन वेळ वाचवायचाय. दादाला सांगितलंय, गणपतीला, चवथीला येशील तेव्हा तुझा स्विच, तो हातात धरून खेळायचा कन्सोल, घेऊन ये. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की तासभर हातात धरून बघेन आणि तिथल्या तिथे हो की नाही सांगेन. स्विचवर शिफ्ट नाही, हे त्याने आधीच बजावून ठेवलंय.